मोठं इंजिन, छोटी चेसिस: कोटेशन देण्याआधीचं गणित

व्हिडिओत फळ्यावर आकडे भराभर मांडले होते, ते इथे सावकाश लिहून देतोय. वही घेऊन बसा. विषय असा: किट कारच्या किंवा हाताने बांधलेल्या गाडीच्या चेसिसमध्ये मूळपेक्षा मोठं इंजिन बसवायचं काम तुमच्या वर्कशॉपकडे आलं, तर ते घ्यायचं का, आणि घेतलं तर पैसे किती सांगायचे.

किट कार म्हणजे काय, ते नवीन लोकांसाठी एका वाक्यात सांगतो. चेसिस आणि बॉडी एका ठिकाणी बनते, आणि इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल हे दुसऱ्या एखाद्या चालू गाडीतून काढून त्यात बसवतात.

आपल्या शिवाजी पेठेतून गाडीवर निघालं की दहा-पंधरा मिनिटांत उद्यमनगर. खराडीवाला, वेल्डर, शाफ्ट बॅलन्सिंगवाला, रेडिएटरवाला सगळे हाकेच्या अंतरावर. त्यामुळे आपल्याकडच्या पोरांना वाटतं, इंजिन बसवायला काय लागतंय? खरंय, बसतं. कोल्हापुरात कशातही काहीही बसवून मिळतं. पण इंजिन बसल्यावर त्याच्या मागे-पुढे काय काय बदलावं लागतं आणि त्याचे पैसे कोणाच्या खिशातून जातात, इथे वर्कशॉपवाला मरतो. गिऱ्हाईक इंजिनाचा भाव विचारून आलेलं असतं. तुम्हाला अख्ख्या गाडीचा भाव काढायचा असतो.

एकच इंजिन, तीन गाड्या

आधी आपल्याच देशातलं उदाहरण. हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा १९८४ मध्ये आली तेव्हा तिच्यात अँबॅसिडरचंच १४८९ सीसीचं, साधारण ५० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. एवढी लांबरुंद गाडी आणि ५० घोडे, ती पळणार काय? मग कंपनीने जपानच्या इसुझुचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आणलं. पुढे १९९० च्या दशकात अँबॅसिडरलाही १८०० आयएसझेड या नावाने इसुझुचं १.८ मिळालं, ७५ हॉर्सपॉवरचं.

यात आपल्या कामाची गोष्ट कुठली? दोन्ही गाड्यांत इंजिनासोबत पाच गिअरचा बॉक्स आला. मोठ्या कारखान्यानेसुद्धा जुन्या चार गिअरच्या बॉक्सवर नवीन इंजिन लादलं नाही. तुमच्याकडे गिऱ्हाईक म्हणेल, "गिअरबॉक्स चांगला आहे, तोच ठेवू." तेव्हा हे आठवा.

तिसरी गाडी तर आपल्या महाराष्ट्रातली. अलिबागजवळ चिंकारा मोटर्स नावाच्या छोट्या कंपनीने रोडस्टर बनवली. दोन सीटची, उघडी, लांब बॉनेटची, पुढची चाकं बॉडीच्या बाहेर, बॉडी फायबरची. तिच्यातही इसुझुचंच १.८. काँटेसासारखी जड गाडी ओढायला आणलेलं इंजिन अशा हलक्या गाडीत गेलं की तिचा अवतारच बदलतो. हॉर्सपॉवरचा आकडा एकटा काही सांगत नाही. किती किलोला किती हॉर्सपॉवर, हे बघायचं.

चिंकारा रोडस्टरचा साचा इंग्लंडच्या लोटस सेव्हनचा. ती १९५७ ची. तिकडे तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांच्या किटवर नव्हता, म्हणून लोक किट विकत घेऊन घरच्या गॅरेजमध्ये जोडायचे. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला आणि किटचा तो फायदा संपला. धंद्याच्या दृष्टीने ही गोष्ट मला फार आवडते. एक अख्खा व्यवसाय कराच्या एका फटीवर उभा होता. पण आपला आजचा मुद्दा ब्रेकचा आहे. सुरुवातीच्या सेव्हनमध्ये फोर्डचं ११७२ सीसीचं, ४० हॉर्सपॉवरचं साधं इंजिन होतं. पुढे १५०० सीसीची सुपर सेव्हन आली, ताकद दुपटीहून जास्त झाली, आणि तिला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले गेले. इंजिन वाढलं, ब्रेक वाढले.

आणि कोब्रा. जगात किट कारवाल्यांनी सर्वांत जास्त नक्कल केलेल्या गाड्यांपैकी एक. इंग्लंडच्या एसी कंपनीची एस नावाची हलकी गाडी होती, २ लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाची. १९६२ मध्ये अमेरिकेच्या कॅरोल शेल्बी यांनी तिच्यात फोर्डचं ४.२ लिटरचं व्ही-८ बसवलं. ते का जमलं? ते व्ही-८ आकाराच्या मानाने हलकं होतं, जुन्या इंजिनाच्या तुलनेत वजन फार वाढलं नाही. तरीही मागचा डिफरन्शियल मजबूत घालावा लागला. पण नंतर ७ लिटरचं इंजिन घालायची वेळ आली तेव्हा जुनी चेसिस पुरली नाही. चेसिसचे मुख्य पाइप ३ इंचांचे होते ते ४ इंचांचे केले, पाट्याचे स्प्रिंग काढून कॉइल स्प्रिंग घातले. बाहेरून गाडी तीच वाटते, आतून दुसरी. म्हणजे एका मर्यादेपर्यंत इंजिन बदलता येतं, त्यापुढे गाडी बदलावी लागते. तुमच्या पुढचं काम त्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे, हे कोटेशन लिहिण्याआधी कळायला हवं. आणि ते मोजून कळतं, बघून नाही.

वजन कुठे पडतंय?

समजा नवीन इंजिन जुन्यापेक्षा ६० किलो जास्त आहे. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २३०० मिलिमीटर. नवीन इंजिन लांब आहे म्हणून ते पुढे सरकलं आणि त्याचा भार पुढच्या ॲक्सलच्या २०० मिलिमीटर पुढे पडला. आता हिशोब:

पुढच्या ॲक्सलवर वाढलेला भार = ६० × २५०० ÷ २३०० = ६५ किलो.

६० किलोचं इंजिन आणि ६५ किलो भार, हे कसं? कारण मागचा ॲक्सल ५ किलोने हलका झाला. सी-सॉसारखं. मागची चाकं चालणारी गाडी असेल तर जिथे पकड हवी तिथूनच वजन उचललं गेलं.

आता तेच इंजिन फायरवॉल कापून मागे घेतलं आणि भार ॲक्सलच्या ३०० मिलिमीटर मागे आणला, तर पुढे ६० × २००० ÷ २३०० = ५२ किलो, मागे ८ किलो. अर्ध्या मीटरचा फरक, पण स्टिअरिंग आणि ब्रेकिंग दोन्हीत गाडी वेगळी. फायरवॉल कापली की पेडल, वायपर, पाय ठेवायची जागा सगळं हलतं, म्हणजे मजुरी वाढली. इंजिन कुठे बसणार हे ठरल्याशिवाय मजुरीचा आकडा तोंडातून काढूच नका. काम सुरू करण्याआधी चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून आकडे लिहून घ्या आणि गिऱ्हाइकाची सही घ्या. काम झाल्यावर पुन्हा मोजा.

जोर शेवटी कुठे जातो?

जुनं इंजिन ८० न्यूटन-मीटर टॉर्क देतं, नवीन १४० देतं असं धरू. पहिला गिअर ३.६, डिफरन्शियलचा रेशो ४.१. दोन्हींचा गुणाकार १४.७६.

जुना: ८० × १४.७६ = ११८१ न्यूटन-मीटर.
नवीन: १४० × १४.७६ = २०६६ न्यूटन-मीटर.

मागच्या शाफ्टवर पाऊणपट जोर वाढला. ज्या क्राऊन-पिनियनने आणि ॲक्सल शाफ्टने आयुष्यभर ११८१ चा मार खाल्ला, त्यांना अचानक २०६६ चा मार. पहिल्या दिवशी तुटत नाही. दोन महिन्यांनी चढावर गाडी उचलताना कटकन आवाज येतो, आणि तेव्हा ती तुमच्या दारात परत येते. फुकट करून द्या म्हणून.

यावर उपाय दोन. एक, इंजिन ज्या गाडीतून काढलं तिचाच गिअरबॉक्स सोबत घ्यायचा, आणि ॲक्सलची चौकडही बसते का बघायची. दुसरा, जुना गिअरबॉक्स ठेवून मध्ये अडॅप्टर प्लेट बनवायची. दुसरा स्वस्त वाटतो. पण इंजिनाचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एकाच रेषेत यावे लागतात, फरक साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत. डायल गेज लावून तपासायचं, डॉवेल पिन घालायच्या. नुसते बोल्ट आवळून चालत नाही. नाहीतर क्लच थरथरतो आणि बेअरिंग जातं. चांगला टर्नर हे करतो, पण चांगला टर्नर त्याचे पैसेही घेतो. मी तरी नवीन माणसाला पहिलाच उपाय सांगेन.

प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलणार, तो कापून वेल्ड करून बॅलन्स करणं आलं. दोन्ही टोकांच्या यूजे क्रॉसचे कोन सारखे ठेवा, नाहीतर ठरावीक स्पीडला गाडी गुरगुरते आणि कारण सापडत नाही.

उष्णता आणि ब्रेक

पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीवर असतं तेव्हा जेवढी ताकद क्रँकला मिळते, साधारण तेवढीच उष्णता पाण्यात जाते. ताकद दुप्पट केली तर रेडिएटरवरचं कामही दुप्पट. आणि इंजिन मोठं झाल्यामुळे पुढे रेडिएटरला जागा मात्र कमी उरलेली असते! कोल्हापूरच्या उन्हाळ्यात, ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीला वारा नाही. पंख्याची क्षमता आणि गरम हवा बाहेर जायचा रस्ता हे दोन्ही कोटेशनमध्ये लिहा.

ब्रेकचं गणित तर पोटात गोळा आणणारं आहे. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. जी गाडी ताशी ८० च्या पुढे जातच नव्हती ती ११० ने धावायला लागली, तर (११० ÷ ८०) चा वर्ग म्हणजे १.८९. वजन तेच धरलं तरी ब्रेकला जवळजवळ दुप्पट ऊर्जा गिळायची आहे. म्हणून ब्रेक करायला नकार देणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम घ्यायचं नाही. "नंतर बघू" म्हणणाऱ्याचंही नाही. इथे घासाघीस बसत नाही, कारण समोरून येणारा मोटारसायकलवाला या सौद्यात कुठेच नसतो.

वायरिंगचं थोडक्यात. इंजेक्शनचं इंजिन असेल तर ईसीएम, वायरिंगचा पूर्ण संच आणि चावी, तिन्ही त्याच गाडीतलं घ्या. इमोबिलायझर असतो. नुसतं इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून उचललं की इलेक्ट्रिशियनकडे फेऱ्या सुरू.

आता कोटेशन

खालचे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून धरलेत. तुमच्या गावचे भाव तुम्ही स्वतः फिरून काढा.

इंजिन आणि गिअरबॉक्स, जुने, ६०,०००. माउंटिंग आणि चेसिसला सपोर्ट १२,०००. प्रोपेलर शाफ्ट ८,०००. रेडिएटर, पंखा, होज १४,०००. सायलेन्सर लाइन ९,०००. वायरिंग २५,०००. ब्रेक आणि सस्पेन्शन ३५,०००. ऑइल, रॉड, गॅस, नट-बोल्ट असं किरकोळ ७,०००. सामानाची बेरीज १,७०,०००.

मजुरी: दोन माणसं, प्रत्येकी ८० तास, तासाला २५० धरले तर ४०,०००. झाले २,१०,०००.

बहुतेक जण इथे थांबतात आणि त्यावर दहा-वीस हजार "आपले" म्हणून टाकतात. थांबू नका. एकेकच होणाऱ्या कामात काहीतरी दोनदा करावं लागतंच. ब्रॅकेट बसत नाही, सायलेन्सर स्टिअरिंगला घासतो. इंजिन सोडून बाकीच्या कामावर, म्हणजे १,५०,००० वर, १५ टक्के फेरकामासाठी ठेवा: २२,५००. मग जागा. ही गाडी सहा आठवडे तुमचा एक बे अडवणार आहे. त्या बेमध्ये एरवी सर्व्हिसिंगच्या गाड्या झाल्या असत्या. भाडं, लाइट, मशीनची झीज धरून आठवड्याला ५,००० तरी लावा: ३०,०००. एकूण २,६२,५००. त्यावर १५ टक्के नफा ३९,३७५. म्हणजे ३,०१,८७५, जीएसटी वेगळा.

आता बघा, इंजिनाचे ६०,००० हे ३ लाखांत पाचवा हिस्सा आहेत. गिऱ्हाईक डोक्यात काय हिशोब घेऊन आलं होतं? "इंजिन साठ, बसवायचे वीस, ऐंशी हजारांत काम." हा जो फरक आहे तो तुम्ही पहिल्याच दिवशी कागदावर दाखवला, तर दहातले बरेच जण परत जातील. जाऊ द्या. जे थांबतील त्यांच्याकडून पैसे टप्प्याने घ्या: सामानाचे सगळे पैसे आधी, मजुरी इंजिन जागेवर बसल्यावर अर्धी, चाचणी झाल्यावर उरलेली. सामानाला स्वतःचं भांडवल लावून गाडी अर्धवट उभी राहिली, तर ती तुम्हाला न विकता येते ना हलवता येते.

जुनं इंजिन कुर्ल्याच्या मार्केटमधून आणा नाहीतर ॲक्सिडेंटच्या गाडीतून काढा, पण बिल, इंजिन नंबर आणि मूळ गाडीच्या आरसीची प्रत फाइलला लावा. नंबर घासलेलं इंजिन फुकट दिलं तरी दुकानात ठेवू नका.

कायदा: हा भाग दोनदा वाचा

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून छोटी जीप बनवली, किक मारून चालू होणारी. खर्च साधारण ६०,००० रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, आणि त्याच दमात हेही लिहिलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांना त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो मिळाली. आपल्या भागातल्या कारागिराचा मोठा मान झाला, याचा मलाही अभिमान आहे. पण प्रत्येकाला बदल्यात बोलेरो मिळत नाही. नोटीस मिळते.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवर कंपनीच्या मूळ तपशिलाप्रमाणे जे नोंदलंय, त्यात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. इंजिन खराब झालं म्हणून त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या मंजुरीने बदलणं वेगळं. तेही १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंदवावं लागतं. मोठं, वेगळ्या प्रकारचं इंजिन यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. उत्पादक, आयातदार आणि डीलर यांना १ वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं, आणि कोर्टात पहिला प्रश्न येतो, हे काम कोणत्या वर्कशॉपने केलं?

स्वतः बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर मॉडेलची मान्यता लागते, पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेकडून चाचण्या करून. एका गाडीसाठी तो खर्च कुणाला परवडत नाही.

मग धंदा कुठे आहे?

आहे की. बंद ट्रॅकवर आणि ऑफ-रोड स्पर्धेत पळणाऱ्या, ट्रेलरवरून नेल्या-आणल्या जाणाऱ्या गाड्या. कोल्हापूरला रेसिंगची हौस जुनी आहे, जवळच मोहितेंचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, इथली पोरं देशाबाहेर जाऊन शर्यती पळाली आहेत. दुसरं गिऱ्हाईक इंजिनिअरिंग कॉलेजच्या टीम्स. बाहा एसएईमध्ये ऑल-टेरेन गाडी बांधायची असते, फॉर्म्युला भारतमध्ये छोटी रेसकार. फॉर्म्युलाच्या टीम्स बऱ्याचदा केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं इंजिन घेतात, जे आपल्या चाकणला बनलेलं असतं. तिथे पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या वाटेत २० मिलिमीटरचं बारीक छिद्र ठेवायचा नियम आहे, त्यामुळे ७१० सीसीच्या मर्यादेपर्यंत मोठं इंजिन घालूनही ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. वजन मात्र वाढतं. अशा टीमला "मोठं घेऊ नका" हा सल्ला देणारा फॅब्रिकेटर पुढच्या वर्षीही बोलावला जातो. पैसे कमी, पण वेळेवर, आणि पोरं पुढे नोकरीला लागली की तुमचं नाव सोबत नेतात.

तिसरं काम जुन्या गाड्यांचं, मूळ प्रकारचंच इंजिन पुन्हा बसवून नोंद करून देणं. यात थरार नाही. बिल मात्र सरळ निघतं.

स्पर्धेची गाडी असेल तेव्हा कोटेशनच्या पहिल्याच ओळीत लिहा: "सदर वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालविण्यासाठी नाही." डिलिव्हरी चलनावरही तेच, खाली गिऱ्हाइकाची सही, आणि गाडी ट्रेलरवर चढवतानाचा फोटो तारखेसह फाइलला. जो गिऱ्हाईक सही करायला कां-कू करतो, त्याची गाडी संध्याकाळी रंकाळ्यावर दिसणार हे समजून ॲडव्हान्स परत करा.

कोटेशनचा कोरा नमुना पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर भरून दाखवतो. तोपर्यंत वरचं भाराचं गणित तुमच्या ओळखीच्या एखाद्या गाडीच्या व्हीलबेसवर करून बघा, आणि खराडीवाल्याकडून अडॅप्टर प्लेटचा भाव विचारून ठेवा.